कोणता ‘दर’? कोडमधल्या नावांचा माग ठेवणारा सर्व्हर

‘एआयला सगळा प्रोजेक्ट समजतो, नुसतं सांगायचं, तो बदलून देतो,’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. एआयमागचं भाषेचं मॉडेल पुढचा शब्द संभाव्यतेवरून ठरवतं. कोडमधलं एखादं नाव कुठेकुठे वापरलंय याचा नेमका हिशेब बऱ्याचदा दुसराच प्रोग्रॅम ठेवतो, त्याला लँग्वेज सर्व्हर म्हणतात. मला या सर्व्हरचं फार कौतुक आहे.

पायथन ३ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत व्हेरिएबलची, म्हणजे किमती साठवणाऱ्या कप्प्यांची, नावं देवनागरीत देता येतात. वीजबिलाच्या प्रोग्रॅममध्ये ‘दर’ हे नाव बदलून ‘भाव’ करायचंय असं समजा. साधं ‘शोधा आणि बदला’ केलं तर ‘दरमहा’चं ‘भावमहा’ होतं आणि ‘सादर’चं ‘साभाव’. पूर्ण शब्दच जुळवायचा म्हटलं तरी पंचाईत आहेच, कारण विजेच्या फंक्शनमध्ये (कोडच्या एका स्वतंत्र तुकड्यात) एक ‘दर’ आहे आणि पाण्याच्या फंक्शनमध्ये दुसरा.

सर्व्हर आधी कोडचं व्याकरण सोडवून त्याचा वृक्ष बनवतो. मग प्रत्येक नावाचं मूळ शोधतो: आधी त्याच फंक्शनमध्ये, तिथे नसेल तर त्याला वेढणाऱ्या फंक्शनमध्ये, मग संपूर्ण फाइलच्या पातळीवर. ‘दादा’ अशी हाक आली की आपणही आधी आपल्या घरातला दादा बघतो, शेजारच्या वाड्यातला नाही. तसंच हे.

उत्तर येतं ते ओळ आणि स्थान अशा आकड्यांत. ही ओळ पाहा:

एकूण = दर * युनिट

मोजणी शून्यापासून. ‘एकूण’मध्ये डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, पण ‘कू’चा ऊकार वेगळा साठवला जातो, म्हणून साठवणीची एककं चार. पुढे जागा, बरोबरचं चिन्ह, जागा. म्हणजे ‘दर’ ७ वर सुरू होतो आणि ९ च्या आधी संपतो. डोळ्यांनी मोजलं असतं तर ६ आलं असतं, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीतले बाइट मोजले असते तर १५. कोड लिहायचा एडिटर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याच्या नियमांना लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल म्हणतात; त्याची मूळ मोजणी यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीची, म्हणून ७. इथे एकाची चूक झाली तरी कात्री भलत्याच जागी चालते.

हा प्रोटोकॉल मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये जाहीर केला. त्याआधी १० एडिटर आणि प्रोग्रॅमिंगच्या २० भाषा असतील तर प्रत्येक जोडीसाठी एक अशा २०० जोडण्या लिहाव्या लागायच्या, आता ३० भाग पुरतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आणला. त्यामुळे मॉडेललाही बाहेरची साधनं एका ठरावीक पद्धतीने वापरता येऊ लागली. सेरेनासारखे मुक्तस्रोत सर्व्हर हे दोन्ही जोडतात: ‘या नावाचे सगळे वापर दाखव’ असं मॉडेलने विचारलं की उत्तर लँग्वेज सर्व्हर शोधून देतो.

ज्योतिषाचं एक भाकीत खरं ठरलं की लोक तेवढंच लक्षात ठेवतात. एआयने एकदा बरोबर कोड लिहिला की तशीच श्रद्धा बसते. ती नको. बदल झाल्यावर सर्व्हरने दाखवलेल्या चुका वाचाव्यात आणि चाचण्याही चालवाव्यात. कारण प्रोग्रॅम चालू असताना ‘द’ आणि ‘र’ जोडून जर कोणी ते नाव तयार करत असेल, तर वृक्षात ते कुठेच नसतं आणि सर्व्हरलाही सापडत नाही.