पॅकेज एकदाच बसवा, पण दरवेळी उघडा
आमच्याकडून आर भाषेतली स्क्रिप्ट घेणाऱ्या विद्यार्थी-ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुमच्या प्रयोगाच्या आकड्यांचं विश्लेषण आम्ही आर या संगणकाच्या भाषेत करतो आणि तयार तक्त्यांबरोबर त्याची स्क्रिप्टही (आरला द्यायच्या आज्ञांची फाइल) देतो. उद्या गाइडनी विचारलं, "हा सीडी (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे दोन सरासरींतला लक्षणीय ठरणारा किमान फरक) कुठून आला?" तर तो तुमच्याच लॅपटॉपवर काढून दाखवता आला पाहिजे, एवढाच हेतू. स्क्रिप्ट दिली की दोन दिवसांत फोन येतोच: "सर, तुमची फाइल चालत नाहीये." फाइल ठीक असते, तिला लागणारं पॅकेज (आरला जोडायचा तयार आज्ञांचा संच) तुमच्या मशीनवर नसतं.

आधी एक सूचना. या पत्रकात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करायचं नेमकं स्पेलिंग स्क्रिप्टच्या पहिल्या काही ओळींत आहे, तिथूनच कॉपी करा. मित्राने वर्डच्या फाइलमधून पाठवलेली आज्ञा चिकटवू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं आपणहून वळवून टाकतं आणि आर 'अनएक्स्पेक्टेड इनपुट' म्हणून तिथेच अडून बसतं. ओळ दिसायला तंतोतंत सारखी, त्यामुळे चूक तासभर सापडत नाही.

पॅकेज कशाला लागतं?

आर ही भाषा न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकात सुरू केली. ती मोफत आहे. साधी टी-टेस्ट, अनोव्हा, रिग्रेशन अशा नेहमीच्या सांख्यिकी पद्धतींचंच काम असेल तर मूळ आरमध्ये सगळं आहे, वेगळं काही टाकायची गरज नाही. त्यापलीकडच्या कामांसाठी जगभरच्या लोकांनी पॅकेजं लिहून 'क्रॅन' नावाच्या भांडारात ठेवली आहेत. आज त्यांची संख्या २०,००० च्या वर आहे. शेतकीच्या विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त लागणारं 'ॲग्रिकोले' हे पेरू देशातल्या फेलिपे दे मेंदिबुरू यांचं. आरबीडीची (प्लॉट गटागटांत वाटून केलेल्या प्रयोगाची) आखणी, सरासरींची तुलना करणाऱ्या एलएसडी, डंकन, टुकी या चाचण्या, सगळं त्यात मिळतं. म्हणून बहुतेक स्क्रिप्टमध्ये आम्ही तेच वापरतो.

बसवणं आणि उघडणं

आर स्टुडिओ (आर सोयीने वापरण्यासाठीचं वेगळं सॉफ्टवेअर) उघडा. उजवीकडे खाली 'पॅकेजेस' हा टॅब आहे, त्यात 'इन्स्टॉल'. नाव टाका, खालची 'इन्स्टॉल डिपेंडन्सीज'ची टिक तशीच राहू द्या. ती काढली तर पॅकेज उतरेल, पण ते ज्या दुसऱ्या पॅकेजांच्या जिवावर चालतं ती उतरणार नाहीत. ॲग्रिकोलेबरोबर 'ॲलगडिझाइन'सुद्धा उतरताना दिसेल. ते आगंतुक नाही, येऊ द्या. आर स्टुडिओ न वापरता नुसत्या आरमध्ये बसवत असाल तर आधी 'कुठल्या सर्व्हरवरून?' अशी लांबलचक यादी येते. सर्वांत वरचा '०-क्लाउड' निवडा आणि पुढे चला.

बसवण्याची आज्ञा 'इन्स्टॉल डॉट पॅकेजेस', त्यात नाव अवतरणचिन्हांत. उघडण्याची आज्ञा 'लायब्ररी'. पुस्तक विकत आणून कपाटात एकदाच ठेवायचं, पण अभ्यासाला बसताना दरवेळी टेबलावर काढायचं, तसंच हे. आर बंद करून पुन्हा उघडलं की टेबल रिकामं. मग 'कुड नॉट फाइंड फंक्शन' असा संदेश येतो आणि लोक पॅकेज पुन्हा बसवायला घेतात. गरज नाही, 'लायब्ररी'ची ओळ चालवा. आमच्या स्क्रिप्टमध्ये इन्स्टॉलच्या ओळीआधी # हे चिन्ह मुद्दाम ठेवलेलं असतं (त्यापुढची ओळ आर चालवत नाही), नाहीतर दरवेळी नव्याने डाउनलोड होऊन तुमचा डेटा संपेल. पहिल्यांदा बसवताना तेवढं काढा, मग परत लावा.

लाल अक्षरं पाहून घाबरू नका

आर स्टुडिओ बसवतानाचा साधा मजकूरही लाल रंगात दाखवतो. आमच्याकडे एक ताई दोन एसटी बदलून लॅपटॉप घेऊन आल्या होत्या, "सगळं लाल झालंय" म्हणून. पॅकेज व्यवस्थित बसलेलं होतं. रंगाकडे नको, शब्दाकडे बघा. 'वॉर्निंग' असेल तर बहुतेक वेळा पुढे जाता येतं. 'बिल्ट अंडर आर व्हर्जन' अमुक, ही तर निव्वळ माहिती आहे. 'मास्क्ड' म्हणजे दोन पॅकेजांत एकाच नावाची आज्ञा आहे आणि नंतर उघडलेल्याची चालेल. 'एरर' असेल तरच थांबा.

'देअर इज नो पॅकेज कॉल्ड' म्हणजे पॅकेज बसलेलंच नाही किंवा नाव चुकलंय. आरला इंग्रजी लहान आणि मोठी (कॅपिटल) अक्षरं वेगळी वाटतात. ॲग्रिकोलेचं पहिलं अक्षर मोठं टाकलंत तर ते सापडणार नाही. 'नॉट अव्हेलेबल फॉर धिस व्हर्जन' म्हटलं तरी आधी स्पेलिंगच तपासा.

'इन्स्टॉल फ्रॉम सोर्सेस?' असं विचारलं तर 'नो' म्हणा. 'येस' म्हटलं तर आर पॅकेज तुमच्या मशीनवर बांधायला घेतं आणि विंडोजवर त्याला 'आरटूल्स' हे वेगळं साधन लागतं. तुम्हाला त्याची गरज नाही.

मध्येच वीज गेली किंवा हॉटस्पॉट तुटला की लायब्ररीच्या, म्हणजे बसवलेली पॅकेजं जिथे राहतात त्या फोल्डरमध्ये '००लॉक' नावाने सुरू होणारं एक फोल्डर मागे राहतं आणि पुढचं इन्स्टॉल अडवतं. आर बंद करा, तेवढं एक फोल्डर डिलीट करा, पुन्हा बसवा.

अजून एक हमखास कारण म्हणजे विंडोजवर युजरचं नाव मराठीत असणं. त्यात वाईट काहीच नाही, पण आर ४.२ च्या आधीच्या आवृत्त्या अशा फोल्डरपाशी गडबडायच्या. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ४.२ पासून विंडोजवरही युनिकोड (मराठीसह सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) नीट चालतं. नाव बदलू नका, आर नवं घ्या.

आर नवं घेतलं, पॅकेजं गेली कुठे?

आरची मोठी आवृत्ती साधारण दर एप्रिलमध्ये येते. ४.३ वरून ४.४ वर गेलात की लायब्ररीचं फोल्डर नवं आणि रिकामं. जुनी पॅकेजं डिस्कवर आहेत, पण तिकडे आर बघत नाही. ती उचलून नव्या फोल्डरमध्ये टाकू नका, पुन्हा बसवा. ४.४.१ वरून ४.४.२ वर जाताना ही कटकट नाही.

आमचा आग्रहाचा सल्ला: प्रबंध लिहायला घेतलात की व्हायवा होईपर्यंत 'अपडेट' बटणाला हात लावू नका. एका ग्राहकाने ट्रीटमेंट प्लॉटवर वाटायची चिठ्ठी सिनियरच्या जुन्या लॅपटॉपवर काढली होती. पुढे स्वतःच्या मशीनवर तोच 'सीड' (चिठ्ठी पुन्हा तशीच निघावी म्हणून द्यायचा आकडा) देऊन तीच स्क्रिप्ट चालवली, तर प्लॉटची मांडणी वेगळीच. स्क्रिप्टमध्ये चूक नव्हती. २०१९ मध्ये आर ३.६.० ने 'सॅम्पल' ही चिठ्ठी काढणारी आज्ञा आतून बदलली, जुना लॅपटॉप त्याआधीच्या आवृत्तीवर होता. शेतात लावणी होऊन गेली होती, नशिबाने कागदावरचा नकाशा जपून ठेवलेला होता.

म्हणून काम झालं त्या दिवशी 'सेशन-इन्फो' ही आज्ञा चालवा आणि जे छापून येईल ते एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. आर आणि पॅकेज, दोन्हींची आवृत्ती त्यात येते. 'साहित्य व पद्धती'च्या प्रकरणात ॲग्रिकोलेचा उल्लेख कसा करायचा ते 'सायटेशन' ही आज्ञा सांगते, दुसऱ्याच्या प्रबंधातून उतरवू नका.

तरीही अडलंच तर बिलावरच्या व्हॉट्सॲप नंबरवर तीच टेक्स्ट फाइल आणि एररच्या ओळी कॉपी करून पाठवा. पडद्याचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो नको, त्यात नेमकी शेवटची ओळ कापलेली असते. व्हायवा होईपर्यंत पॅकेज बसवून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. रविवारी दुकान बंद असतं.