हूल देणारा बचाव: झोन ब्लिट्झ आला कुठून?

अमेरिकन फुटबॉलमध्ये पास देण्यासाठी क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या गड्याला, जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याला गाठायला बचावाचे साधारण चार जण धावतात. पाचवा-सहावा धावला की तो ब्लिट्झ. १९६० च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्सचा लॅरी विल्सन हा सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे राखण करणारा गडी, थेट क्वार्टरबॅकवर तुटून पडू लागला आणि समोरचे संघ गोंधळले. पण यात जोखीम मोठी होती. धावून गेलेल्याची जागा रिकामी पडते, आणि क्वार्टरबॅकची नजर तीच जागा शोधत असते.

१९७८ मध्ये नियम बदलले. रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, पाच यार्डांपुढे अडवायला मनाई झाली आणि पासचा खेळ फोफावला. बिल वॉल्श यांच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे छोटे, झटपट पास तर ब्लिट्झ पोहोचायच्या आत सुटत. सिनसिनाटी बेंगल्स त्यांच्याकडून दोन सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचे अंतिम सामने, हरले.

त्याच बेंगल्सचे बचाव प्रशिक्षक डिक लबो. डेट्रॉइटकडून १४ हंगाम खेळताना त्यांनी ६२ पास मध्येच टिपले होते. ब्लिट्झ फसला की मागे एकट्या उरलेल्याचे काय हाल होतात, हे त्यांना चांगलं ठाऊक असणार. त्यांच्या युक्तीचं मूळ मला तिथेच दिसतं. १९८० च्या दशकात ते प्रशिक्षक बिल आर्न्सपार्गर यांना भेटायला गेले. आर्न्सपार्गर यांनी मायामी डॉल्फिन्समध्ये बॉब मॅथेसन या लाइनबॅकरला, म्हणजे पुढच्या फळीच्या मागे उभ्या राहणाऱ्या गड्याला, कधी धावायला, कधी मागे सरायला लावून प्रतिस्पर्ध्यांना चकवलं होतं. मॅथेसनच्या जर्सीवरच्या क्रमांकावरून त्या रचनेला '५३' म्हणत. 'सुरक्षित दबाव' हा त्यांचा शब्द लबो यांनी मनावर घेतला.

लबो यांनी हिशेब जुळवला तो असा: लाइनबॅकर किंवा सेफ्टी धावला, तर पुढच्या फळीतला एखादा धिप्पाड गडी हूल देऊन मागे सरकायचा. धावणारे पाच, मागे आपापला झोन, म्हणजे मैदानाचा नेमलेला भाग, राखणारे सहा. हाच झोन ब्लिट्झ. क्वार्टरबॅक घाईने 'मोकळ्या' जागेत चेंडू टाकतो आणि तिथे नेमका तो उभा! नियमही बचावाच्या बाजूचे: डाव सुरू होताना आक्रमकांपैकी एखादा सोडून सगळ्यांना स्थिर उभं राहावं लागतं, बचावाला मात्र हवं तसं हलता येतं. अलीकडे तर सहा-सात जण रेषेवर उभे राहून धमकावतात आणि धावतात चारच.

१९९२ मध्ये लबो पिट्सबर्ग स्टीलर्सकडे गेले आणि तिथल्या बचावाचं 'ब्लिट्झबर्ग' असं नाव पडलं. फेब्रुवारी २००९ च्या सुपर बोलमध्ये ॲरिझोना कार्डिनल्स पूर्वार्धाच्या शेवटच्या काही सेकंदांत गोलरेषेला भिडले होते. ठरलेल्या डावानुसार स्टीलर्सचा लाइनबॅकर जेम्स हॅरिसन याला धावायचं होतं. त्याने धावल्यासारखं केलं, स्वतःच्या अंदाजाने मागे सरला, कर्ट वॉर्नरचा पास टिपला आणि १०० यार्ड पळत जाऊन समोरच्या गोलरेषेपलीकडे चेंडू नेत टचडाउन केला. स्टीलर्स २७-२३ असे जिंकले.