‘घरच्यांचा द्वेष करा’ असं येशूनं सांगितलं?

पोरगं तापानं फणफणलंय, तरी बाप बायबल बगलेत मारून प्रार्थनासभेला निघतो. कुणी हटकलं की उत्तर तयार: बायबलातल्या लूकच्या पुस्तकाचं वचन, लूक 14:26. आईबाप, बायको, मुलं यांचा जो द्वेष करत नाही तो माझा शिष्य होऊ शकत नाही, असं खुद्द येशू म्हणाला ना!

म्हणाला खरा. पण हा ‘द्वेष’ आपल्या रोजच्या बोलण्यातला नव्हे. हिब्रू वळणाच्या भाषेत कमी प्रेम करण्यालाही हाच शब्द येतो. बायबलाचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याचा 29वा अध्याय उघडून पाहा. लेआ आणि राहेल या याकोबाच्या दोन बायका. 30व्या वचनात याकोबाची लेआपेक्षा राहेलवर अधिक प्रीती, आणि लगेच 31व्यात लेआ ‘नावडती’. मूळ हिब्रू शब्द मात्र ‘द्वेष केलेली’. मत्तय 10:37 मध्ये तर येशूचं हेच म्हणणं ‘माझ्यापेक्षा अधिक प्रेम’ असं सरळच आलंय.

देव पहिला, कबूल. पण सभा म्हणजे देव नव्हे! आईबापांच्या वाट्याचं ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, म्हणून हात झटकणाऱ्यांना येशू मार्क 7 मध्ये चांगलाच झापतो. 1 तीमथ्य 5:8 घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला अविश्वासणाऱ्याहून वाईट ठरवतं. हे वचन भिंतीवरच्या कॅलेंडरात मात्र मी अजून पाहिलेलं नाही.