वाय-फाय कार्ड जळलं नव्हतं

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि फोंड्यात माझ्याकडे जुने लॅपटॉप येऊ लागले. भाच्याने तर घरी पडून असलेल्या पेनड्राइव्हवरून विंडोज पुसून स्वतःच डेबियन ११ ही मोफत लिनक्स प्रणाली टाकली होती. पडदा, आवाज, कीबोर्ड सगळं ठीक. वाय-फाय तेवढं गायब. दुरुस्तीवाला म्हणाला, कार्ड जळलं, नवीन घाला. आजीने मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढली. दृष्ट लागून कार्ड बिघडत नाही, आणि न तपासता ‘जळलं’ म्हणणंही मला त्याच जातीचं वाटतं.

तपासणी सोपी होती. मशीनमध्ये जोडलेली उपकरणं दाखवणारी ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा दिल्यावर यादीत कार्ड दिसलं, शेजारी ८०८६ हा इंटेलचा ओळख क्रमांक. पूर्ण मेलेलं कार्ड आपलं नाव सांगत नाही.

मग अडलं कुठे? वाय-फाय कार्डात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. त्याला चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. ड्रायव्हर वेगळा: तो आपल्या मुख्य प्रोसेसरवर चालतो आणि कार्डाशी बोलतो. फर्मवेअर कार्डातच कायमचं ठेवायचं तर त्यासाठी वेगळी मेमरी लागते, तिचा खर्च येतो. म्हणून अनेक कार्डांत फक्त रॅम असते. वीज गेली की कोरी पाटी. प्रत्येक वेळी मशीन सुरू होताना ड्रायव्हर कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, ठरावीक नावाची फाइल मागतो, कर्नल ती ‘लिब/फर्मवेअर’ फोल्डरात शोधतो, ड्रायव्हर ती कार्डाच्या रॅममध्ये ओततो आणि मग कार्डाचा प्रोसेसर जागा होतो. विंडोजमध्ये ही फाइल ड्रायव्हरसोबतच आलेली असते. विंडोज पुसलं, तीही गेली. भाच्याच्या लॅपटॉपवर कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ या आज्ञेने हेच दाखवलं: फाइलचं नाव आणि पुढे एरर उणे २. कर्नलच्या भाषेत २ म्हणजे ‘अशी फाइलच नाही’.

डेबियनने ती का दिली नव्हती? कंपन्या फर्मवेअर वाटू देतात, पण त्याचा मूळ सोर्स कोड देत नाहीत. मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वात ते बसत नाही, म्हणून ते मुख्य इन्स्टॉलरबाहेर होतं. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे बदललं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं. मला हा निर्णय पटतो. तत्त्व मोलाचं आहेच, पण नेट नसलेल्या मुलाने नेट चालू करणारी फाइल उतरवायची कुठून?

आम्ही त्याचा फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला देणं, चालू केलं. लॅपटॉपला फोन तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो, त्याला बाहेरची फाइल लागत नाही. डेबियन पॅकेजं जिथून उतरवतं त्या यादीत ‘नॉन-फ्री’ हा मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरचा विभाग जोडून इंटेलचं फर्मवेअर पॅकेज घातलं, मशीन पुन्हा सुरू केलं. ‘डीमेसेज’मध्ये ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ ही ओळ आली, आणि कोपऱ्यात शेजाऱ्यांच्या सगळ्या राउटरांची नावं.