नाना की नारायण, एक्सेलला कसं कळतं?

मंडळाच्या वर्गणीची यादी एक्सेलमध्ये भरताना पेठेच्या कॉलममध्ये ‘घ’ टाइप करायचा अवकाश, ‘घोरपडे पेठ’ पुढे हजर होते. एंटर दाबला की काम झालं. ‘ना’ लिहिलं तर मात्र काहीच उमटत नाही, कारण वर नाना पेठही आहे आणि नारायण पेठही. लिहिलेल्या अक्षरांनी सुरू होणारी एकच नोंद उरली, तरच डेस्कटॉपवरचं एक्सेल ती सुचवतं. दोन उरल्या की ते गप्प बसतं. वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द आणि वडगाव शेरी एकाच कॉलममध्ये असतील, तर ‘वडगाव’ पूर्ण लिहून, स्पेस देऊन, पुढचं अक्षर येईपर्यंत सूचना नाही. आपल्या गावांची नावं ठेवताना कुणी एक्सेलचा विचार केला नव्हता, त्याला इलाज नाही.

मोबाइलचा कीबोर्ड भाषेच्या सवयींवरून पुढचा शब्द ताडतो. इथे तसलं काही नाही. एक्सेल फक्त त्याच कॉलममधल्या लगतच्या नोंदी बघतं. मध्ये एक अख्खी ओळ रिकामी सोडली, की तिच्या पलीकडची नावं त्याच्या लेखी नसतातच. शेजारच्या शीटमधली यादीही त्याला दिसत नाही. नुसते आकडे, तारखा आणि वेळा यांना सूचना मिळत नाही. ‘बी-१२०४’ला मिळते, कारण त्यात अक्षर आहे. हे सगळं ठीक असूनही काही येत नसेल, तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन ऑटोकम्प्लीटपुढे, म्हणजे याच सूचनांच्या सोयीपुढे, खूण आहे का ते बघावं.

मराठीत खरी गोची पुढे आहे. कॉम्प्युटर अक्षराचा आकार बघत नाही, त्यामागचे कोड बघतो. ‘पुणे’ आणि ‘पूणे’ यांची वाट दुसऱ्या क्रमांकाच्या कोडलाच फुटते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. पण खडकवासल्याजवळचं गोऱ्हे घ्या. त्यातल्या ऱला युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जागतिक कोडयादीत, स्वतंत्र कोड आहे, ०९३१. काही जण तोच आकार साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून काढतात. स्क्रीनवर दोन्ही ‘गोऱ्हे’ हुबेहूब सारखे, पण नुसते कोड ताडणाऱ्या प्रोग्रामसाठी ते दोन वेगळे शब्द. र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊनही ऱ तयार होतो. त्या जोडीला युनिकोडचे नियम ऱशी समान मानतात, जोडचिन्हवाल्या रूपाला मानत नाहीत.

शंका आली तर शेजारच्या सेलमध्ये LENचं (‘लेन’) सूत्र लावून बघावं; ते शब्दातले कोड मोजतं. स्वतंत्र ऱ असलेलं गोऱ्हे ६ मोजलं जातं, जोडचिन्हाचं ७. शेवटी चिकटलेली स्पेसही अशीच पकडता येते.

टाइप करण्याची पद्धतही आड येते. इनस्क्रिप्ट या थेट देवनागरी कीबोर्डमध्ये प्रत्येक कळ थेट सेलमध्ये उतरते. रोमन अक्षरांतून मराठी करणारी साधनं बहुधा शब्द पुरा होईपर्यंत तो स्वतःकडेच धरून ठेवतात, मग एक्सेलने मध्येच सुचवायचं तरी कशावरून?

माझ्या मते दोन उपाय बरे. पहिला जुगाडू: सगळ्या पेठांची नावं यादीच्या डोक्यावर, मध्ये रिकामी ओळ न सोडता, एकेकदा लिहायची आणि त्या ओळी लपवायच्या. लपवल्या तरी सूचना मिळत राहतात. ऑल्ट धरून खालचा बाण दाबला की भरलेली नावं यादीसारखी उघडतात, म्हणजे नाना-नारायणचा प्रश्नच मिटतो. दुसरा उपाय डेटा व्हॅलिडेशनची ड्रॉपडाउन यादी, म्हणजे सेलमध्ये फक्त ठरवून दिलेली नावंच निवडू देणारी सोय. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या अलीकडच्या आवृत्त्यांत तिच्यातही टाइप करत नावं शोधता येतात. चार कार्यकर्ते आळीपाळीने एकच फाइल भरणार असतील, तर मी दुसराच निवडेन; यादीबाहेरचं ‘पूणे’ टाइप केलं तर ती ते आत घेतच नाही.