८० टक्के पाठिंबा आणि तरीही हार : अमेरिकेतल्या मतदार ओळखपत्राच्या कौलांची पार्श्वभूमी

मे २०११ मध्ये मिनेसोटातल्या ‘स्टार ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने लोकांना विचारलं, मतदानाला येताना फोटो असलेलं ओळखपत्र सक्तीचं असावं का? ८० टक्के लोक ‘हो’ म्हणाले. दीड वर्षाने, नोव्हेंबर २०१२ मध्ये, त्याच राज्याच्या मतपत्रिकेवर हा प्रश्न आला तेव्हा ‘हो’ म्हणणारे उरले सुमारे ४६ टक्के. एखाद्या राज्यात अशा प्रस्तावाचं काय होईल याचा अंदाज बांधायला बसलं की मला पहिल्यांदा मिनेसोटा आठवतं.

आपल्याकडच्या वाचकाला मुळात हा वादच चमत्कारिक वाटतो. शेषन यांच्या काळात, १९९३ पासून, आपल्याला मतदार ओळखपत्रं मिळू लागली. यादीत नाव घालायला, पडताळायला निवडणूक आयोगाचा माणूस दारात येतो. अमेरिकेत सरसकट सगळ्या नागरिकांना दिलेलं राष्ट्रीय ओळखपत्रच नाही. बहुतेकांचं काम ड्रायव्हिंग लायसन्सवर भागतं. ज्याच्याकडे ते नाही, म्हणजे गाडी सोडलेली आजी, घर बदलत राहणारा विद्यार्थी, शहरातला गरीब भाडेकरू, त्याला कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागतात. शिवाय निवडणुका चालवणं हे राज्यांचं काम, त्यामुळे पन्नास राज्यांचे पन्नास नियम.

फोटोची कडक सक्ती तशी अलीकडची. २००५ मध्ये इंडियाना आणि जॉर्जिया या राज्यांनी तसे कायदे केले. इंडियानाचा कायदा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००८ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी टिकला. तिथून रिपब्लिकन पक्षाने ही मागणी राज्याराज्यांत लावून धरली. जिथे गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला कारभारप्रमुख, आडवा आला तिथे एक आडवाट होती. कायदा करण्याऐवजी थेट राज्यघटना दुरुस्त करायची आणि प्रश्न मतदारांपुढे ठेवायचा.

मिनेसोटात हेच घडलं. २००८ ची तिथली सिनेटची निवडणूक जवळजवळ २९ लाख मतांत अवघ्या ३१२ मतांनी लागली होती. फेरमोजणी आणि कोर्टकचेरी महिनोन्‌महिने चालली आणि संशयाचं बी तिथे पेरलं गेलं. २०१० मध्ये डेमोक्रॅट मार्क डेटन ९ हजारांहूनही कमी मतांनी गव्हर्नर झाले, पण विधिमंडळाची दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे गेली. २०११ मध्ये ओळखपत्राचं विधेयक मंजूर झालं, डेटन यांनी ते व्हेटो वापरून फेटाळलं. मिनेसोटात घटनादुरुस्तीच्या प्रस्तावावर गव्हर्नरचा व्हेटो चालत नाही. म्हणून २०१२ मध्ये विधिमंडळाने प्रश्न थेट मतपत्रिकेवर नेला.

यानंतरचे काही महिने मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत शिकवणारे वाटतात. मतपत्रिकेवरचा प्रश्न छोटा होता : सर्व मतदारांना फोटो ओळखपत्र सक्तीचं करावं का आणि राज्याने ते फुकट द्यावं का? पण प्रत्यक्ष दुरुस्तीत याहून बरंच काही होतं. जे मतदार केंद्रावर येत नाहीत त्यांचीही ‘तितकीच’ पडताळणी व्हावी असं त्यात लिहिलं होतं. मग परदेशातल्या सैनिकाचं काय? टपालाने मतदान करणाऱ्या खेड्यांचं काय? मिनेसोटात १९७० च्या दशकापासून मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवता येतं, आणि पत्त्याचा पुरावा नसेल तर त्याच केंद्राचा नोंदणीकृत मतदार तुमच्यासाठी साक्ष देऊ शकतो. राज्याच्या मोठ्या मतदानामागे या सोयीचा वाटा आहे असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. ही पद्धत दुरुस्तीनंतर तशीच राहील का, याचं उत्तर समर्थकांना नीट देता आलं नाही. खर्च किती येईल आणि तो गावं आणि कौंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कुठून करतील, हाही प्रश्न होताच.

विरोधकांनी ओळखपत्र वाईट असं म्हटलंच नाही. ही दुरुस्ती घाईची, खर्चिक आणि अर्धवट आहे, एवढंच ते सांगत राहिले. डेटन यांच्यासोबत माजी रिपब्लिकन गव्हर्नर आर्नी कार्लसन जाहिरातीत दिसले, तेव्हा हा निव्वळ पक्षीय वाद आहे असं म्हणायला जागा उरली नाही. सप्टेंबरपर्यंत पाठिंबा निम्म्याच्या थोडाच वर उरला होता. त्यात मिनेसोटाचा नियम असा की घटनादुरुस्तीचा प्रश्न कोरा सोडला तरी ते ‘नाही’ धरलं जातं. शेवटी त्याचीही गरज पडली नाही, उघड ‘नाही’ म्हणणारेच सुमारे ५२ टक्के निघाले.

पण मिनेसोटावरून सगळीकडचं भाकीत करणारा फसेल. मिसिसिपीत २०११ मध्ये ६२ टक्क्यांनी, मिसूरीत २०१६ मध्ये ६३ टक्क्यांनी, आर्कान्सात २०१८ मध्ये ७९ टक्क्यांनी असे प्रस्ताव मंजूर झाले. नॉर्थ कॅरोलिनात २०१८ मध्ये आकडा ५५ वर थांबला, आणि कोर्टकज्ज्यांमुळे सक्ती प्रत्यक्षात यायला २०२३ उजाडलं. नेब्रास्काने २०२२ मध्ये ६५ टक्के दिले. त्याच दिवशी ॲरिझोनात मात्र प्रस्ताव १८ हजारांच्या आसपास मतांनी पडला. तिथे बहुतेक लोक टपालाने मत देतात, आणि प्रस्तावाने त्या पाकिटावर जन्मतारीख व ओळख क्रमांक मागितला होता.

एप्रिल २०२५ मधलं विस्कॉन्सिन याहून बोलकं आहे. तिथे त्याच मतदारांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर न्यायाधीश म्हणून उदारमतवादी सुझन क्रॉफर्ड यांना सुमारे १० टक्क्यांच्या फरकाने निवडलं आणि ओळखपत्राला ६३ टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं. सक्ती कायद्यात आधीपासूनच होती, दुरुस्तीने रोजच्या व्यवहारात काहीच बदलणार नव्हतं. सात महिन्यांनी मेन राज्यात सुमारे ६४ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं, कारण तिथे ओळखपत्राच्या जोडीला टपाली मतदानावर निर्बंध बांधले होते : दिवस कमी, फोनवरून मतपत्रिका मागवणं बंद, भरलेल्या मतपत्रिका टाकायला गावात एकच पेटी.

देशपातळीवरच्या चाचण्यांत फोटो ओळखपत्राला ८० टक्क्यांच्या वर पाठिंबा दिसतो. २०२४ मध्ये गॅलप या सर्वेक्षण संस्थेने तो ८४ टक्के नोंदवला. हा आकडा खोटा नाही, पण तो कल्पनेला मिळालेला आहे. म्हणून मी आधी मसुदा वाचतो. त्यात टपाली मतदाराला हात लावला आहे का, आजची कोणती सोय जाते, विरोधात पैसा आणि माणसं उभी राहिली आहेत का, मतदानाचा नियम काय, हे पाहतो. एवढं करूनही नेवाडा माझ्या चौकटीत नीट बसत नाही. टपाली मतांवर क्रमांक मागणारं कलम तिथेही होतं, तरी २०२४ मध्ये ७३ टक्के मतं ‘हो’ची पडली. नेवाडात लोकांनी आणलेली घटनादुरुस्ती लागोपाठ दोन निवडणुकांत मंजूर व्हावी लागते. तिची दुसरी फेरी नोव्हेंबर २०२६ ची.