तोतया फूड इन्स्पेक्टरचा फोन

हॉटेल, खानावळ, चहाची टपरी, घरगुती डबा किंवा होमस्टे चालवणाऱ्याला सरकारी अधिकारी म्हणून फोन करायचा, अस्तित्वात नसलेल्या किंवा त्याला लागू नसलेल्या नियमाचा धाक घालायचा आणि दंड, फी किंवा ‘प्रकरण मिटवण्या’साठी पैसे उकळायचे, असा हा फसवणुकीचा प्रकार. भारतात त्यासाठी अन्न सुरक्षेच्या खात्यांची नावे हमखास वापरली जातात: केंद्राचे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण (एफएसएसएआय), नाहीतर महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन, म्हणजे बोलण्यातले ‘एफडीए’.

‘फूड इन्स्पेक्टर’ हे पद १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्यातले. त्याची जागा घेणारा २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला आणि पदाचे नाव झाले अन्न सुरक्षा अधिकारी. गल्ल्यावर अजून जुनेच नाव चालते, आणि तोतयाही तेच घेतो.

फोन येतो तो बहुधा गर्दीच्या वेळी. तव्यावर पोळ्या, काउंटरला पार्सलवाले खोळंबलेले आणि मोबाइलवर अनोळखी नंबर; व्हॉट्सॲपच्या डीपीला अशोकस्तंभ. ‘अमुक भोजनालय ना? भाजीत झुरळ निघाल्याची ऑनलाइन तक्रार आहे तुमच्यावर. थांबा, साहेबांना देतो.’ मग दुसरा, जड आवाज. हा साहेब चढ्या आवाजात बोलत नाही. सील लावायची ऑर्डर निघालीये, पण तुम्ही कष्टाची माणसं दिसता, पाचच्या आत कंपाउंडिंग भरलंत तर फाइल इथेच बंद करतो, असे तो समजावणीच्या सुरात सांगतो. पाठोपाठ शिक्का मारलेली पीडीएफ नोटीस आणि क्यूआर कोड. रक्कम मुद्दाम बेताची ठेवतात, दोन-तीन दिवसांच्या गल्ल्यातून निघेल एवढी.

‘कंपाउंडिंग’ हा शब्द हवेतून काढलेला नाही. कायद्याच्या ६९ व्या कलमात किरकोळ विक्रेते, फेरीवाले वगैरेंसाठी तडजोड रक्कम स्वीकारण्याची तरतूद आहे. फक्त तो अधिकार पदनिर्देशित अधिकाऱ्याचा (अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वरच्याचा), फोनवरच्या साहेबाचा नव्हे. अर्धे खरे घेऊन बोलणे हेच या धंद्याचे भांडवल.

मालकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक हे सगळे त्याला कळते कसे, असा प्रश्न फसलेल्याला पडतो. उत्तर भिंतीवर टांगलेले असते. १४ आकडी क्रमांक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे आणि २०२२ च्या सुरुवातीपासून तो बिलावरही छापावा लागतो. पहिला आकडा १ असला तर परवाना, २ असला तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन राज्याचे (महाराष्ट्राचे १५), त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २१५२१ अशी सुरुवात वाचली की महाराष्ट्रातला, २०२१ साली नोंदलेला छोटा माणूस, एवढे बिलाच्या फोटोवरूनच उमगते. बाकीचे ‘फॉसकॉस’ या परवाना संकेतस्थळावर शोधता येते. ही माहिती ग्राहकासाठी खुली केली, ते योग्यच होते. तिचा असाही उपयोग होतो इतकेच.

नियम मुळातच पुष्कळ आहेत. स्वयंपाक्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, पाण्याची तपासणी, नोंदणी, वजनकाट्याचा शिक्का, जीएसटी. यात आणखी एक ‘नवा नियम’ सहज खपतो. २०१७ मध्ये सुरू झालेले ‘फॉस्टॅक’ हे अन्न हाताळणाऱ्यांसाठीचे प्रशिक्षण खरे आहे, पण ‘आजच्या आज सर्टिफिकेट घ्या, नाहीतर उद्या बंद’ ही पुरवणी फोनवाल्याची. स्वच्छता मानांकन ऐच्छिक आहे, तेही सक्तीचे म्हणून विकले जाते. वार्षिक विवरणपत्र न भरल्याचा दंड हे तसेच निमित्त: ते उत्पादक आणि आयातदारांनी भरायचे असते, खानावळीने नाही. वर चिरीमिरीची जुनी सवय. साहेब पैसे मागतोय म्हणजे साहेब खराच असणार, असा उलटा तर्क कित्येक जण करतात.

खरा अधिकारी दुकानात येतो, ओळखपत्र दाखवतो, तपासणीचा अहवाल लिहितो. त्रुटी आढळल्या तर पदनिर्देशित अधिकारी ३२ व्या कलमाखाली सुधारणा नोटीस देतो, म्हणजे सुधारायला मुदत मिळते. नमुना घेतला तर तपासायला आलेला अधिकारी त्याचे चार भाग करून सील करतो आणि नेलेल्या मालाची नेहमीच्या विक्रीदराने किंमत मालकाला देतो. पनीर नेले तर पनीरचे पैसे. फोनवाल्याकडून ही अपेक्षा कोणी करत नाही.

लॉज आणि होमस्टेंच्या बाबतीत खाते बदलते, बाकी बोलणे तेच. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म, बोलण्यातला ‘सी फॉर्म’, ऑनलाइन भरावा लागतो. तो राहिल्याची धास्ती खरी असते, म्हणून ‘इमिग्रेशनमधून बोलतोय’ हे वाक्य कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवर चालून जाते. लष्करी जवान बनून पन्नास थाळ्यांची ऑर्डर देणे आणि ‘ॲडव्हान्स’ पाठवायचे म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावणे, हा वेगळा प्रकार. तिथे धाक नसतो, गिऱ्हाइकाचे आमिष असते.

हा प्रकार भारतापुरता नाही. अमेरिकेत २०१० च्या सुमारास आरोग्य निरीक्षक म्हणून उपाहारगृहांना फोन येत. तिथे पैसे मागत नसत, तर तपासणीची वेळ ठरवायच्या मिषाने फोनवर येणारा पडताळणी क्रमांक विचारत. तो क्रमांक मालकाच्या नंबरवर बनावट ऑनलाइन खाते उघडायला कामी येई.

लोकसेवकाची तोतयेगिरी भारतीय न्याय संहितेच्या २०४ व्या कलमाखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. फोन किंवा संगणक वापरून तोतयेगिरीने फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ड कलमही लागते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवावे, तितकी ते पुढच्या खात्यात गोठवण्याची शक्यता जास्त. पैसे न देताच फोन ठेवला असेल, तर तो नंबर दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ सुविधेत नोंदवता येतो. ती मार्च २०२४ पासून आहे.

प्रत्यक्षात मालक अनेकदा तक्रार देत नाहीत, फार तर हॉटेलवाल्यांच्या ग्रुपवर नंबर टाकून सावध करतात. रक्कम थोडी आणि पोलीस ठाण्यात दिवस जाणार, हे एक कारण. दुसरे कोणी मोठ्याने बोलत नाही: जबाबात ‘झुरळाची तक्रार’ लिहिली गेली आणि त्यावरून खरा अधिकारी आला, तर भटारखाना दाखवावा लागेल.